साक्ष दिली, आणि मग घसरलो

*ताई, सलाम.*

*मी घणसोलीत राहतो, रबाळ्याच्या एमआयडीसीत वायरमन आहे. वय 38. मूळचे आम्ही नगर जिल्ह्यातले, आजोबांपासून ख्रिस्ती. दारू बारा-तेरा वर्षं. गेल्या वर्षी बायकोने आणि मेहुण्याने मला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. तिथे रात्री झोप लागत नसे. कपाटात कुणीतरी सोडून गेलेला नवा करार सापडला, तो वाचू लागलो. खोटं सांगत नाही, आतून काहीतरी हललं. बाहेर आल्यावर पाच महिने थेंब घेतला नाही. ईस्टरच्या उपासनेत पाळकसाहेबांनी मला साक्ष द्यायला उभं केलं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "प्रभूने माझी दारू मुळासकट काढून टाकली." आई रडली, निम्मी मंडळी रडली. प्रार्थना गटातला एक भाऊ म्हणाला, विश्वास आहे तर तल्लफेच्या गोळ्या कशाला? म्हणून गोळ्या बंद केल्या.*

*सहा आठवड्यांनी कंपनीतल्या एकाच्या सेंड-ऑफला प्यायलो. पुढे नऊ दिवस चालू होती. मग एका सकाळी स्वतःच बंद केली. दोन दिवस हात थरथरत होते, भिंतीवर मुंग्या दिसत होत्या. आज 24 दिवस झाले. बायकोला माहीत आहे, मंडळीत कुणालाच नाही. रविवारी ओव्हरटाइम आहे म्हणून सांगतो आणि ठाण्याला येऊन तलावपाळीवर बसतो. (आमच्या स्टोअरमध्ये एक पोरगा आहे, चोवीस-पंचवीसचा, तोही पितो. ईस्टरनंतर विचारत होता, दादा, तुम्ही कशी सोडली? आता त्यालाही टाळतो.) बायको म्हणते, लोकलमध्ये जाहिरात असते ती चहातून नकळत द्यायची पावडर आणू का.*

*माझा विश्वास खोटा होता का? प्रार्थना करतो तरी तल्लफ येते. माझ्यासारख्याचा आता देवाला काय उपयोग, आणि माणसांना तरी काय?*

*— एक वाचक, घणसोली*

भाऊ, सलाम.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा नर्स म्हणून, कारण पस्तीस वर्षं वॉर्डात काढली की ती सवय जात नाही. आणि ती नर्स तुमच्या विश्वासापाशी पोचलीच नाही, भिंतीवरच्या मुंग्यांपाशीच थांबली.

रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली की 6 ते 12 तासांत हात कापायला लागतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्यापासून चौथ्या दिवसापर्यंत नसलेलं दिसतं, नसलेलं ऐकू येतं, घाम फुटतो, ताप चढतो, घरची माणसं ओळखू येईनाशी होतात, आणि त्यात माणूस दगावतोही. दार लावून तुम्ही जे सोसलंत त्याला मनात कुठेतरी प्रायश्चित्त समजत असाल. तो जुगार होता, आणि तुम्ही वाचलात. पुन्हा तशी वेळ आली (न येवो) तर बायकोला बरोबर घेऊन सरळ कॅज्युअल्टीत जायचं आणि किती दिवस, किती पीत होतो ते खरं सांगायचं. बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, फिट येऊ नये म्हणून औषध, वर लक्ष ठेवायला माणसं, एवढं तिथे मिळतं. घरात नुसती भिंत मिळते.

दुसरी गोष्ट, ज्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या होत्या त्यांच्याकडे ह्याच आठवड्यात जा. जुनं पाकीट शोधून आपल्या मनाने सुरू करू नका. घसरलो म्हणून सांगा. ते चिडणार नाहीत, त्यांच्या बाकावर घसरून आलेलीच माणसं जास्त बसलेली असतात.

गोळ्या बंद करायला सांगणाऱ्या त्या भावाचा मला राग आलाय आणि तो मी लपवत नाही. मी नर्सिंग शिकले मिरजेला, डॉ. वानलेस यांनी 1894 साली काढलेल्या मिशन हॉस्पिटलात. सकाळी वॉर्डात प्रार्थना व्हायची, आणि 'आमेन' म्हटलं की औषधांची ट्रॉली फिरायची. ह्या दोघींचं आपसांत वाकडं आहे असं तिथे कुणाला वाटलं नाही. प्रेषित पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता. खुद्द पौलाने आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे असं लिहिलं. (आमच्या घरात ह्या वचनाला मोठा इतिहास आहे. माझ्या नवऱ्याला अख्ख्या पवित्र शास्त्रातलं हे एकच वचन अध्याय-ओवीसकट पाठ होतं. दुसरं म्हणजे काना गावचं लग्न, जिथे येशूने पाण्याचा द्राक्षारस केला. त्यापुढे त्याचा अभ्यास नव्हता.)

पावडरीचं तुमच्या बायकोला माझ्याकडून सांगा: बाई गं, आणू नकोस. त्या पुडीत काय असतं हे विकणाराही सांगत नाही. दारूची चीड आणणारी डायसल्फिराम नावाची गोळी डॉक्टर देतात, पण माणसाला समोर बसवून, सगळं समजावून, त्याच्या संमतीने. तसलं काही नकळत पोटात गेलं आणि वर दारू पडली तर जिवावर बेततं. शिवाय ज्या घरात चहावरचाही भरवसा उडतो तिथे कुणी सुधारत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न.

साक्ष देताना तुम्ही खोटं बोलला नाहीत. तुमचा काळ चुकला. "काढून टाकली" म्हणालात. पूर्ण भूतकाळ, काम संपलं, कुलूप लागलं. "काढतो आहे" म्हणाला असतात तर आज तोंड लपवायची पाळी आली नसती, आणि ते जास्त खरंही झालं असतं. अर्थात ह्यात तुमच्यापेक्षा मंडळीची चूक मोठी. पाच महिन्यांच्या माणसाला ईस्टरला, भरल्या चर्चमध्ये उभं करायचं नसतं. आपल्या लोकांना साक्ष शेवटासकट लागते. अमुक दिवशी प्रभू भेटला, तमुक दिवशी बाटली फुटली, हालेलुया. मधल्या वाटेवर असलेल्याने काय सांगायचं ह्याची आपल्याकडे रीतच नाही. उभं करणाऱ्यांनी प्रेमानेच केलं असणार. पण टाळ्या वाजल्या की माणूस घसरल्यावर मदत मागायच्या लायकीचा राहत नाही, आपल्याच साक्षीचा कैदी होतो. तुमचं तेच झालंय. तुम्ही दर रविवारी तलावपाळीवर बसता, सेंट जॉनच्या मिस्साची घंटाही कानावर येत असेल, आणि घरी ओव्हरटाइम सांगता.

भर सभेत साक्ष देऊन घसरलेला तुमच्या आधी एक कोळी होऊन गेला, येशूचा शिष्य पेत्र. "सगळे अडखळले तरी मी अडखळणार नाही," हे पेत्राचं वाक्य तुमच्या ईस्टरच्या वाक्याच्या वरताण आहे. येशूला पकडल्यावर कोंबडा आरवायच्या आत तीनदा "मी त्याला ओळखत नाही" म्हणून मोकळा झाला. तेव्हा तो अंगणात कोळशाच्या विस्तवाशी शेकत उभा होता, असं योहान त्याच्या शुभवर्तमानात लिहितो. आणि तोच योहान शेवटच्या अध्यायात पुन्हा कोळशाचा विस्तव दाखवतो, ह्या खेपेला सरोवराच्या काठी. त्यावर मासळी भाजलेली, बाजूला भाकर. त्या वासाने पेत्राच्या पोटात काय गोळा आला असेल! पण येशू आधी न्याहारी घालतो. मग विचारतो ते "असं का केलंस" नव्हे आणि "पुन्हा करशील का" हेही नव्हे. माझ्यावर प्रीती करतोस का, एवढंच, तीनदा. आणि प्रत्येक उत्तरावर एक काम सोपवतो: माझी मेंढरं चार, माझी मेंढरं पाळ.

उपयोग काय, असं तुम्ही विचारता. पेत्राला त्या सकाळी त्याचा उपयोग कुणी समजावून सांगितला नाही. त्याच्या हाती काम दिलं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. माझा नवरा वागळे इस्टेटमध्ये फिटर होता आणि चौदा वर्षं प्यायला. दोनदा सोडली, दोनदा धरली. तिसऱ्यांदा सोडून दोन महिने झाले असतील, तेव्हा आमचे म्हातारे पाळकसाहेब एका शुक्रवारी घरी आले आणि चर्चच्या चाव्या त्याच्यापुढे ठेवल्या. दाराची एक मोठी पितळी, कपाटाच्या दोन बारक्या, तारेच्या कडीत ओवलेल्या. म्हणाले, उपासना साडेनऊला असते, सतरंज्या घालायच्या, पंखे लावायचे, तू आठला उघड. मी पदर खोचून पुढे झाले, म्हटलं, पाळकसाहेब, ह्याला? ते म्हणाले, "शनिवारची रात्र ह्यालाच जड जाते ना? मग रविवारची सकाळ ह्यालाच देऊ."

आठ महिने तो उजाडताच उठला. शनिवारी रात्री चाव्या उशाखाली ठेवून झोपायचा, कड पालटली की वाजायच्या. नवव्या महिन्यात एका रविवारी मंडळी पावसात बाहेर उभी, चाव्या उशाखाली आणि हा पलंगावर आडवा. मी रिक्षाने चाव्या घेऊन गेले. कुणाकडे मान वर करून पाहिलं नाही. पाळकसाहेब संध्याकाळी येणार हे ठाऊकच होतं, म्हणून चाव्या पुसून टेबलावर काढून ठेवल्या होत्या. ते आले, चहा घेतला, जुडग्यातली मोठी चावी तेवढी काढून घेऊन गेले. मला वाटलं, संपलं. मंगळवारी परत आले. स्टेशनजवळच्या चावीवाल्याकडून तिची जोड करून आणली होती. एक स्वतःच्या खिशात टाकली, एक ह्याच्या हातात ठेवली. "रविवारी आठला."

त्या दुसऱ्या चावीचं मला आजही कौतुक वाटतं. माणसावरचा भरवसा काढला नाही, आणि मंडळीला पुन्हा पावसात उभं राहायला लागू नये ह्याचीही तजवीज केली. पुढे ती दोनदा लागली. मग एकोणीस वर्षं, म्हणजे तो जाईपर्यंत, लागली नाही.

तर तुमची दुसरी चावी कुणाकडे आहे? पगाराच्या दिवशी एटीएम कार्ड कुणाकडे असतं? सेंड-ऑफ, हळद, बारसं, जिथे बाटली निघणार हे आधीच माहीत असतं, तिथे तुमच्याबरोबर कोण असतं? शनिवारी संध्याकाळी घणसोली स्टेशनवरून घरी जायची वाट बारवरून जाते की दुसरी आहे? मेहुण्याने तुम्हाला केंद्रात नेलं म्हणजे तो माणूस कामाचा दिसतो. त्याला विचारा. त्यात अविश्वास कुठे आला?

आणि तल्लफ म्हणजे विश्वास मोजायचा थर्मामीटर नव्हे. बारा-तेरा वर्षं मेंदूला जे शिकवलंत ते तो वेळच्या वेळी आठवून देणारच. पगार, भांडण, रिकामं पोट, अपुरी झोप, सुटलेल्या शिफ्टचा वास. बहुतेकदा अर्ध्या तासात ती उतरते. त्या अर्ध्या तासात प्रार्थना जरूर करा, पण काहीतरी खाऊन करा, आणि शक्यतो कुणाला तरी फोन लावून करा. एकटं पोट आणि एकटं मन घेऊन केलेली प्रार्थना पुष्कळदा बारच्या दारापर्यंतच सोबत करते, हे मी फार जवळून पाहिलंय.

मंडळीत परत कसं जायचं? रविवारी एकदम जाऊ नका. बुधवारी-गुरुवारी पाळकसाहेबांना त्यांच्या घरी गाठा आणि बसल्या बसल्या सांगून टाका: प्यायलो, नऊ दिवस, आज अमुक दिवस झाले. एक अटही घाला, मला इतक्यात माइकपुढे उभं करायचं नाही. त्यांना अवघडल्यासारखं होईल, होऊ द्या. मग रविवारी जा, मागच्या बाकावर बसा.

आपल्यात संत मानत नाहीत, पण माझ्या कॅथलिक शेजारणीने सांगितलेली एक गोष्ट मला सोडत नाही. चीनमध्ये मार्क जी तियानशियांग नावाचे एक ख्रिस्ती डॉक्टर होते. पोटाच्या दुखण्यावर अफू घेतली आणि तिच्यात अडकले. पुन्हा पुन्हा पापनिवेदन करायचे, पुन्हा घ्यायचे. शेवटी धर्मगुरूने क्षमा द्यायला नकार दिला. व्यसन हा आजार आहे हे तेव्हा कुणाला कळत नव्हतं. सुमारे 30 वर्षं त्यांना ख्रिस्तप्रसाद मिळाला नाही आणि 30 वर्षं ते चर्चला जायचे थांबले नाहीत. 1900 सालच्या बॉक्सर बंडात घरादारासह पकडले गेले, विश्वास सोडायला तयार झाले नाहीत, मारले गेले. 2000 साली पोपनी त्यांना संत जाहीर केलं. सुटली नाही तरी चालतं असा अर्थ ह्यातून काढू नका, मला चालणार नाही. मी फक्त ते 30 वर्षांचं येणं-जाणं बघते. तुमची पाच-सात रविवारांतच हिंमत संपली.

एक विचारायचं राहिलं. "काय उपयोग" हे शब्द मी वॉर्डात पुष्कळांच्या तोंडून ऐकलेत आणि दर वेळी पुढचा प्रश्न सरळ विचारलाय, म्हणून तुम्हालाही विचारते: जीव द्यावासा वाटतो का? तळ्याकाठी एकटे बसता तेव्हा तसलं काही मनात येतं का? येत असेल तर पाळकसाहेब, मी, हे पत्र, सगळं नंतर. आज बायकोला सांगा आणि 14416 ह्या टेली-मानसच्या, म्हणजे मनाच्या त्रासासाठी असलेल्या सरकारी, नंबरवर फोन करा, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलतात. व्यसनासाठी सरकारचा वेगळा नंबर आहे, 14446. दोन्ही फुकट आहेत.

आता तुम्ही कंसात टाकलेली ती ओळ. तुमच्या सगळ्या पत्रात मला तीच सगळ्यात मोलाची वाटली, आणि तुम्ही ती कंसात घातलीत.

मे 1935 मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन गावी बिल नावाचा शेअरबाजारातला माणूस एका हॉटेलच्या लॉबीत येरझाऱ्या घालत होता. न्यूयॉर्कहून धंद्यासाठी आला होता आणि धंदा फसला होता. दारू सोडून त्याला पाच महिने झाले होते, तुमच्याइतकेच. एका बाजूला बार, आतून हसण्याचे आवाज. दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी. त्याने यादीतल्या एका धर्मगुरूला फोन लावला आणि मागणी काय केली, तर मला एखादा दारुडा गाठून द्या, मला त्याच्याशी बोलायचंय. देवाने आपल्याला उचललं हे त्याला पटलं होतं, पण दुसऱ्या कुणाला हात दिल्याशिवाय आपण उभे राहत नाही हेही त्याला कळून चुकलं होतं. फोनाफोनी होऊन तो गावातल्या डॉ. बॉब नावाच्या सर्जनपर्यंत पोचला. उपदेश केला नाही, स्वतःची कहाणी सांगितली, काही तास. त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (ए.ए.) ही दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायची संघटना उभी राहिली. हे डॉक्टर काही आठवड्यांत एका परिषदेला गेले आणि पुन्हा प्यायले. त्यांचा शेवटचा घोट 10 जून 1935 चा, आणि ए.ए. आपली स्थापना त्याच दिवसापासून मोजते. दोघंही तेव्हा एका ख्रिस्ती गटात जात होते, पण सभेचं दार त्यांनी कुठल्याच धर्माच्या नावाने बंद केलं नाही. पुढे 1981 साली फादर जो परेरांनी वांद्र्याच्या चर्चमध्ये कृपा फाउंडेशन हे व्यसनमुक्तीचं केंद्र काढलं तेही ए.ए.च्याच बारा पायऱ्या, म्हणजे व्यसनातून बाहेर यायचे बारा टप्पे, घेऊन, आणि जोडीला अय्यंगार गुरुजींची योगासनं. मिरजेच्या ट्रॉलीसारखंच.

तुम्हीही ए.ए.च्या सभेला जायला लागा. फी नसते, नाव-गाव विचारत नाहीत, दारू सोडायची इच्छा एवढीच अट. तिथे रोज कुणीतरी उठून "मी घसरलो" म्हणतो आणि पुढचा माणूस त्याला चहा देतो.

आणि त्या पोराला भेटा. तुमच्यातला खोटा विजेता त्याला टाळतोय, कारण आता त्याच्याकडे दाखवायला काही उरलं नाही. पण त्या पोराने तुम्हाला "किती दिवस झाले" विचारलंच नव्हतं, "कशी सोडली" विचारलं होतं, आणि त्याचं उत्तर ईस्टरपेक्षा आज तुम्हाला जास्त माहीत आहे. गोळ्या बंद केल्या की काय होतं ते माहीत आहे. सेंड-ऑफला पहिला पेग कुठल्या वाक्यावर घेतला जातो ते माहीत आहे. मुंग्या माहीत आहेत. त्याला एकट्याने बंद करू नकोस म्हणून सांगायला रबाळ्यात तुमच्याइतका लायक माणूस नसेल.

त्याला सुधारायचा ठेका मात्र घेऊ नका. बारमधून उचलून आणायला जायचं नाही, पैसे उसने द्यायचे नाहीत, आणि तो प्यायलेला असेल तर त्या दिवशी बोलायचं नाही. तो आला सभेला तर दोघं मिळून जा, नाही आला तर तुम्ही जा.

तुमची पहिली शिफ्ट साडेतीनला सुटत असेल. त्याला गेटाबाहेरच्या टपरीवर थांबवा, दोन चहा सांगा, साखर जरा जास्तच घालायला सांगा, गोड पोटात गेलं की तल्लफ थोडी दमते. पैसे तुम्ही द्या. सुरुवात कशी करायची हे सुचत नसेल तर एवढंच म्हणा, "मी तुला टाळत होतो."